परतीची ओळ

माझे बाबा कॅल्क्युलेटर शिकवायचे. हे सांगितलं की लोक हसतात, म्हणून आधीच सांगते, एकदा हसून घ्या. दुकानात बेरजा मारायला असतो तो नव्हे. सायंटिफिक, त्यातही प्रोग्रॅम करता येणारा, ज्याच्या एकेका बटणावर तीन-तीन गोष्टी छापलेल्या असतात. त्याला मी हात लावला की आई ओरडायची, "ठेव ते! तुझ्या बाबांची दुसरी बायको आहे ती." तंत्रशाळेत जमीन मोजणीचा कोर्स होता. पोरं दिवसभर उन्हात दुर्बिणीतून कोन वाचायची, अंतरं मोजायची आणि आकड्यांचा ढीग घेऊन बाबांच्या वर्गात यायची. त्या ढिगातून जमिनीची हद्द कागदावर कशी आणायची ते बाबा शिकवायचे.

त्यात तेच तेच गणित पुन्हा पुन्हा येतं. प्रत्येक कोनाचे अंश, मिनिटं, सेकंद आधी साध्या दशांशात आणायचे, मग पुढचं. हद्दीला जितक्या बाजू तितक्यांदा तेच. "मग तेवढंच एकदा वेगळं लिहून ठेवा ना," बाबा म्हणायचे, "त्याला एक अक्षर द्या आणि लागेल तेव्हा हाक मारा. ए म्हटलं की ए येईल, बी म्हटलं की बी." याला सबरूटीन म्हणतात. बाबा म्हणायचे पोटप्रोग्रॅम. "पोटभाडेकरू असतो ना? मोठ्या घरातच राहतो, पण त्याची चूल वेगळी. तसा." पोरं मागून टिंगल करायची. सर रजेवर असले की म्हणायची, सरांचा पोटप्रोग्रॅम बिघडलाय.

पण बाबांचं खरं वेड वेगळंच होतं. पोटप्रोग्रॅमच्या शेवटी एक ओळ लिहावी लागते, रिटर्न. म्हणजे काम झालं, आता परत जा. ती ओळ विसरलेल्या पोराची ते अशी काही हजेरी घ्यायचे की पोरांनी त्यांचं नावच रिटर्न सर ठेवलं होतं. बाजारात कोणी भेटलं तरी, "नमस्कार रिटर्न सर!" आणि बाबांनाही ते आवडायचं, उगाच वर तोंड करून गंभीर व्हायचे.

परीक्षा जवळ आली की कच्ची पोरं आमच्या घरी यायची. पुढच्या खोलीत सतरंजीवर बसायची, आई त्यांना चहा करून करून वैतागायची. मी शाळेत होते तेव्हा. एकदा एक कुरळ्या केसांचा मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "सर, काल चालत होतं हो! शप्पथ! आज नुसते भलतेच आकडे येतात." बाबांनी त्याचा कॅल्क्युलेटर घेतला, एकेक ओळ वर सरकवत वाचली आणि हसायला लागले.

"काल याच्यामागे कोणी नव्हतं," बाबा म्हणाले. "हा शेवटचा होता. शेवटच्याला रिटर्न नसलं तरी चालतं, कारण पुढे काहीच नाही, मशीन आपलं आपण परत येतं. तुला वाटलं, चालतंय की. आज तू याच्या खाली दुसरा लिहिलास. आता याचं काम झालं तरी हा थांबतच नाही, सरळ खालच्याच्या घरात घुसतो. काल चालत होतं, म्हणे!"

त्या पोराने मान खाली घालून रिटर्नची ओळ घातली.

"आणि परत यायचं कुठे?" बाबांनी विचारलं.

"जिथून निघालो तिथे, सर."

"चूक. जिथून निघालास तिथे हाक मारायचीच ओळ आहे. तिथेच आलास तर पुन्हा हाक मारशील, पुन्हा जाशील, जन्मभर गरगर फिरशील. त्याच्या पुढच्या ओळीवर यायचं."

ही पुढची ओळ मला नंतर कामाला आली. माझं लग्न मोडलं. का आणि कसं, ते इथे सांगायचं नाही, आणि विचाराल तरी सांगणार नाही. बॅग घेऊन दारात उभी राहिले तेव्हा आईचा चेहरा पडला. दादा फोनवर म्हणाला, "बये, घाई केलीस." शेजारच्या काकूंनी खिडकीतून मान इतकी बाहेर काढली की मला वाटलं, आता पडतात. बाबा टेबलाशी पेपर तपासत बसले होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आलीस? बरं झालं. परत आलीस म्हणजे मागे आलीस असं नाही हं. पुढच्या ओळीवर आलीस." आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. असा राग आला होता मला! माणसाचा संसार मोडलाय आणि हे कॅल्क्युलेटर काढून बसलेत. मग न्हाणीघराचं दार लावून घेतलं, ते वाक्य आठवलं आणि ढसाढसा रडले. बाहेर आले तेव्हा बरं वाटत होतं. त्यानंतर चष्म्याच्या दुकानात कामाला लागले. फ्रेमच्या मापाला आणायला मशीनवर काचांच्या कडा घासते. अजून तेच करते.

बाबा निवृत्त झाले, आणि काही वर्षांनी एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून वस्तरा पडला. ते आरशाकडे बघत राहिले. आई म्हणाली, "अहो, काय झालं?" तर बाबांच्या तोंडून नुसताच आवाज. मेंदूतली एक रक्तवाहिनी बंद झाली होती. दवाखान्यातून घरी आले ते स्वतःच्या पायांनी, पण शब्द तिकडेच राहिले. 'हो', 'नाही', 'बरं' आणि 'अरेच्चा', एवढेच काय ते उरले. वर्गात तास-तास बोलणारा माणूस तेवढ्यावर आला. वाचताही येईना. वर्तमानपत्र हातात धरायचे, उलटंसुलटं करायचे आणि म्हणायचे, "अरेच्चा."

मजा अशी की हातांना सगळं येत होतं. दात घासायचे, चहा करायचा, कुंड्यांना पाणी घालायचं, एकदा हात लागला की सगळं पुरं व्हायचं. सुरुवात मात्र सापडायची नाही. ब्रश हातात दिला तर त्याच्याकडे बघत बसायचे. आईने पहिले काही दिवस समजावून पाहिलं, डोळे पुसत पुसत, "अहो, दात घासा ना, असं काय करता?" मग एके दिवशी तिचं डोकं फिरलं आणि ती ओरडली, "ए! पोटप्रोग्रॅम ए! करा!"

आणि बाबांनी नळ सोडला, ब्रश ओला केला आणि दात घासले.

आईला कॅल्क्युलेटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण सगळा संसार त्याची कटकट ऐकण्यात गेला होता तिचा. ती म्हणायची, "सवतीची भाषा येते मला." तिने सगळं अक्षरांवर बसवलं. ए म्हणजे दात, बी म्हणजे आंघोळ, सी म्हणजे चहा, डी म्हणजे गॅलरीतल्या कुंड्या. "अहो, डी," म्हटलं की बाबा उठायचे, झारी भरायचे, गॅलरीत जायचे. दुपारी ती खुर्चीत बसून निवडणं-टिपणं करायची आणि तिथूनच अक्षरं सोडायची. मी म्हणायचे, "आई, तू त्यांना कुत्र्यासारखं शिकवतेस." ती म्हणायची, "तू गप्प बस. तुझ्या बाबांना चालतंय, मला चालतंय, तुझ्या का पोटात दुखतंय?"

आणि खरंच चालत होतं. इतकं छान चालत होतं की मी सकाळी दुकानात जायचे आणि घराची काळजी विसरायचे.

आई गेली तो दिवस उन्हाचा होता. मी संध्याकाळी घरी आले, तर आई खुर्चीत. मान एका बाजूला, मांडीवर ताट. मला वाटलं डोळा लागलाय. हात लावला तर गार. मग मी कशी ओरडले ते काकूच सांगू शकतील, त्याच धावत आल्या. डॉक्टर आले, त्यांनी बघितलं आणि म्हणाले, दुपारीच गेल्या असाव्यात, त्रास झाला नसेल. दुपारीच! सगळी माणसं आईभोवती. आणि मग काकूंनी विचारलं, "अगं, बाबा कुठेत तुझे?"

बाबा गॅलरीत होते. कुंड्यांसमोर उभे. हातात झारी, रिकामी. कुंड्यांतली माती पाणी पिऊन पुन्हा सुकायला लागली होती, आणि बाबांची मान, कान, टक्कल, सगळं उन्हाने लालबुंद. पाय सुजलेले. आईने डी म्हटलं असेल, ते गेले असतील, आणि ती... ते तिथेच उभे राहिले होते, दुपारपासून. मी म्हटलं, "बाबा, आत चला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण पाय हलवला नाही. मी हात ओढला. नाही. शेवटी काकू आणि मी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना आत आणलं, आणि त्यांनी आईला पाहिलं. "अरेच्चा," म्हणाले. माझा बाप त्याच्या बायकोसाठी तेवढंच म्हणू शकला.

माणसं येऊन गेली. दादा आला, राहिला, फोनवर खूप बोलला. तो वाईट नाही, हे मी आताच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही त्याला राक्षस ठरवाल. त्याचं घर लांब, त्याच्या बायकोची कामाची वेळ विचित्र, घर चौथ्या मजल्यावर. त्याने वृद्धाश्रम शोधला होता. स्वच्छ, झाडंबिडं असलेला.

"मी सांभाळते ना," मी म्हटलं.

"तू दुकानात जाणार. दिवसभर हे एकटे. काय करशील?"

"आई करायची तेच करीन. अक्षरं आहेत ना सगळी."

"बये, तू दुकानातून अक्षरं ओरडणार आहेस का?"

शेवटी असं ठरलं की माझी साठलेली रजा संपेपर्यंत बाबा घरी राहतील. तोवर ते दिवसाचे काही तास एकटे राहू शकले तर राहतील. नाहीतर वृद्धाश्रम. मी म्हटलं, बघशील तू. त्यांना त्यांच्या घरातून कोणीही हलवणार नाही. हे घर त्यांच्या बोटांना पाठ होतं, नळ कुठे, साखर कुठे, सगळं. दुसरीकडे नेलं तर त्या हातांना काय आठवणार होतं? मला त्याचीच भीती होती.

सकाळी म्हटलं, "बाबा, ए." त्यांनी दात घासले, उत्तम घासले, चूळ भरली, ब्रश जागच्या जागी ठेवला. आणि बेसिनपाशी उभे राहिले. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "बी!" हलले नाहीत. "बाबा, बी! आंघोळ!" ओले हात पुढे धरून नुसते उभे. मी गेले, टॉवेल दिला, हाताला धरून आणलं. आंघोळीनंतर तसंच. चहानंतर तसंच, कप ओट्यावर, गॅस बंद, सगळं नीट, आणि बाबा ओट्यापाशी खांबासारखे. जाणं येत होतं, परत येणं येत नव्हतं. आईच्या वेळी तर यायचे! तशी मीही त्या कुरळ्यासारखी म्हणत होते, काल चालत होतं, काल चालत होतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझा पारा चढला. झोप नाही, आई नाही, आणि हे बेसिनपाशी उभे. मी दारातून खेकसले, "झालं? या आता!"

बाबांनी हात पुसले, मान हलवली, "हो" म्हणाले आणि वळून आले. सरळ आईच्या खुर्चीकडे. खुर्ची रिकामी पाहिली आणि थबकले. मग माझ्याकडे पाहिलं. माझा आवाज आईसारखा आहे, फोनवर सगळे फसतात. बाबाही फसले होते. त्यांच्या तोंडावर जे काही आलं ते मी बघू शकले नाही, स्वयंपाकघरात निघून गेले.

झालं? या आता. आई दिवसातून किती वेळा म्हणत असेल ते! मला वाटायचं, म्हातारीची बडबड. तीच रिटर्नची ओळ होती. ती आईने बाबांत लिहिलीच नव्हती, स्वतःजवळ ठेवली होती. तिला कुठे ठाऊक होतं की आपण आधी जाऊ. पुढे काही येणारच नाही असं धरून चालली होती, आणि तिच्यानंतर मी आले.

मग मी तेच करत राहिले. ए, झालं? या आता. बी, झालं? या आता. प्रत्येक वेळी बाबा यायचे, प्रत्येक वेळी खुर्चीकडे बघायचे. खुर्ची हलवली तर तिच्या जागेकडे बघायचे. दिवसातून इतक्यांदा आई त्यांच्यासाठी पुन्हा मरायची आणि ते मीच घडवून आणत होते. पण न म्हणावं तर ते उभेच. सांगा, काय करायचं होतं मी?

रजा संपत आली. काकूंना म्हटलं, तुम्ही म्हणून बघा. काकूंनी साखर घोळवून म्हटलं, "झालं का हो भाऊ? या हं आता." बाबा म्हणाले, "बरं," आणि हलले नाहीत. घंटा वाजवली, गजर लावला. घंटेला ते दाराकडे बघायचे, गजराला घड्याळाकडे. एकदा तर मी त्यांचा कॅल्क्युलेटर आणून त्यांच्यासमोर आदळला. "तुम्हीच शिकवलंत ना जगाला? मग सांगा ना मला, आता ती ओळ कुठे घालू!" बाबांनी तो घेतला, अंगठ्याने धूळ पुसली. बोट बटणांवरून फिरलं आणि बरोबर रिटर्नच्या बटणावर थांबलं. दाबलं. पडद्यावर शून्य आलं. त्यांनी ते मला दाखवलं, कौतुकाने. "हो," म्हणाले. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले, आणि ते मला थोपटत राहिले, "बरं, बरं."

शेवटी मला एक शक्कल सुचली. माझाच आवाज जुन्या फोनमध्ये भरला आणि तो ठरावीक वेळाने वाजेल असं केलं. आधी अक्षर, मग बाबांना जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ जाऊ द्यायचा, मग "झालं? या आता." घरी बसून पाहिलं. चाललं! बाबा गेले, बाबा आले. मी दादाला फोन करून असा काही तोरा मिरवला की विचारू नका. तो म्हणाला, "खरंच?" त्याच्या आवाजात आनंद होता, हेही सांगते.

मी दुकानात जायला लागले. काही दिवस नीट गेले. मी काचा घासायचे आणि मनात म्हणायचे, आता सी चालू असेल, आता डी.

मग तो दिवस. त्या दिवशी दूध जास्त होतं, किंवा गॅस बारीक राहिला असेल, कोण जाणे. बाबा चहासाठी दूध तापवत उभे होते. दूध वर यायचं होतं. आणि फोन म्हणाला, झालं? या आता. बाबांनी हात पुसले आणि गेले. आपल्या जागी जाऊन बसले. दूध उतू गेलं, आच विझली, गॅस तसाच चालू. काकूंना जिन्यात वास आला, त्यांच्याकडे किल्ली होती, त्यांनी तोंडाला पदर लावून गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. नाहीतर बाबा राहिले नसते, आणि कदाचित बाजूची दोन-चार घरंही.

मी धावत आले तेव्हा बाबा आपल्या खुर्चीत होते, आणि फोन अजून आपला बोलतच होता, माझ्या आवाजात, आईच्या शब्दांत. मी तो उचलून भिंतीवर फेकला. आई आधी विचारायची हो! 'झालं?' हा प्रश्न होता. ती मान वर करून बघायची, बाबा 'हो' म्हणायचे, आणि मग 'या आता'. झालं नसेल तर थांबायची. फोन कोणासाठी थांबतो?

दादा दुसऱ्या दिवशी आला. मला वाटलं होतं की तो ओरडेल. तो स्वयंपाकघरात गेला, दुधाने माखलेली शेगडी बघितली, आणि ओट्याला टेकून रडायला लागला, लहानपणी पडला की रडायचा तसा. मग मला भांडताच येईना. मी म्हटलं, "कधी न्यायचं?"

न्यायच्या दिवशी मी बाबांना सगळं अक्षरांनीच करायला लावलं, शेवटचं म्हणून. ए, बी, सी. दर वेळी "झालं?" म्हटलं, थांबले, त्यांनी 'हो' म्हटल्यावर "या आता" म्हटलं. ते आले. खुर्चीकडे पाहिलं. कुंड्या काकूंना देऊन टाकल्या होत्या, म्हणून डी नव्हतं. दादाने त्यांना बूट घातले, वृद्धाश्रमात तळमजल्यावरची खोली देतील म्हणाला, बाग दिसते तिथून म्हणाला. बाबा म्हणाले, "बरं." मी बॅगेत कपड्यांमध्ये कॅल्क्युलेटर ठेवला. तिथल्या बाईंना मी एका कागदावर सगळं लिहून दिलं होतं, कोणतं अक्षर, काय म्हणायचं, किती थांबायचं. त्या चांगल्या होत्या बिचाऱ्या. पण त्यांचा आवाज घोगरा होता.

दादा बॅग घेऊन दारात गेला. बाबा बूट घालून आपल्या खुर्चीत. मी म्हटलं, एवढे दोन कप विसळते आणि येते.

कप विसळले. पालथे घातले. ओटा पुसला. नळ चालूच होता, आणि मी तिथे उभी. पुढे काय करायचं ते ठाऊक होतं. नळ बंद करायचा, हात पुसायचे, बाहेर जायचं, दाराला कुलूप लावायचं. सगळं येत होतं. पण पायच हलेनात. हे दोन कप धुऊन झाले की या घरात बाबांचं करायचं काही उरणार नव्हतं. बाहेरून दादाने हाक मारली, "बये, निघायचं ना?" मला ऐकू आलं. पण तो कोणा दुसरीला बोलवत असावा असं वाटलं. मी ओले हात घेऊन तशीच. पाणी वाहतंय.

मग मागे बुटांचा आवाज झाला. स्वयंपाकघरात बूट घालून यायची आईने कधी कोणाला परवानगी दिली नव्हती. मी वळून पाहिलं तर दारात बाबा. त्यांना कोणी हाक मारली नव्हती, कोणी अक्षर दिलं नव्हतं. ते उठून आपले आपण आले होते. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा.

त्यांचे ओठ हलत होते. शब्द शोधत होते, सापडत नव्हता, चेहरा लाल झाला. मी वाट पाहिली. मला वाटलं 'अरेच्चा' येईल.

"झालं?" बाबा म्हणाले.

ते थांबले. आई थांबायची तसेच थांबले, मान जरा वर करून, माझ्याकडे बघत. त्यांना घाई नव्हती. मागे दादा बॅग धरून उभा होता, त्याने हळूच बॅग जमिनीवर ठेवली. "आज राहू दे का?" तो म्हणाला, आणि त्या क्षणी मी हो म्हटलं असतं तर बाबा राहिलेही असते, त्या दिवसापुरते. उद्या पुन्हा बेसिनपाशी उभे राहण्यासाठी. मला ओळखून ते मला परत बोलवायला आले होते, पण स्वतःला बोलावणं त्यांना येत नव्हतं, ते कधीच येणार नव्हतं. हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं, आणि दादालाही कळलं असावं, कारण त्याने पुन्हा विचारलं नाही.

"हो, बाबा," मी म्हटलं. "झालं."

आई त्यांना 'या' म्हणायची. बाबा मला म्हणाले, "ये आता."

मी नळ बंद केला, हात पुसले आणि आले.